वाड्यावरचे महिला मंडळ नोंदवताना

महिला मंडळ काढायचे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिली चर्चा होते ती उद्घाटनाला कोणाला बोलवायचे याची. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीवर, ज्या मंडळाच्या नोंदणीचे काम आमच्याकडे होते, तिथे उद्घाटन मुद्दाम शेवटी ठेवले आणि आधी नियमावली लिहायला घेतली. नोंदणी ही या कामातली सोपी बाजू. कागद पुरे असले की प्रमाणपत्र मिळते. पैसा कोणाच्या हातात, सही कोणाची आणि मत कोणाला, हे सगळ्याजणी गुण्यागोविंदाने बसलेल्या असतानाच लिहून काढणे जड जाते, कारण तेव्हा त्याची गरज कोणालाच वाटत नाही.

त्याआधी आपल्याला नेमके काय काढायचे आहे ते पक्के करावे. गावात स्वयंसाहाय्य गट असतात, भजनी मंडळ असते, देवळाच्या उत्सवाला राबणाऱ्या बायका असतात. त्याच त्या चेहऱ्यांचे आणखी एक मंडळ काढले की बचतीचा हिशेब, उत्सवाची वर्गणी आणि नळाच्या पाण्याची तक्रार एकाच वहीत येते. स्वयंसाहाय्य गट दहा-वीस जणींचा असतो, त्याला सोसायटी म्हणून नोंदणी लागत नाही आणि त्याचा जीव बचत-कर्जात असतो. पाणी, कचरा, दिवाबत्ती, अंगणवाडी, रस्त्याकडेचे गटार असली नागरी कामे करणारे मंडळ वेगळेच ठेवावे. आमच्या नियमावलीत एक कलम तेवढ्यासाठी घातले: मंडळ सभासदांना कर्ज देणार नाही आणि कोणाच्या कर्जाला जामीन राहणार नाही. हे कलम वाचून दोघीतिघी नाराज होतात. त्या तेव्हाच झालेल्या बऱ्या.

नोंदणी होते ती सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली, आणि आपला तालुका ज्या जिल्हा निबंधकांकडे येतो त्यांच्याकडे. इंटरनेटवर मराठीत नियमावलीचे जे तयार नमुने मिळतात ते बहुतेक महाराष्ट्रातले. त्यात पानोपानी ‘धर्मादाय आयुक्त’ येतात, ‘सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०’ येतो. गोव्यात तो कायदाही नाही आणि धर्मादाय आयुक्तही नाहीत. आपल्याकडे देवळांचा कारभारसुद्धा पोर्तुगीज काळापासूनच्या देवस्थान नियमनाखाली मामलेदाराच्या देखरेखीत चालतो. नमुना जसाच्या तसा उतरवला तर खर्चाची, जागेची, पदाधिकारी बदलाची मंजुरी अस्तित्वातच नसलेल्या अधिकाऱ्याकडून घ्यायची, असे आपल्याच नियमात लिहिले जाते. पुढे कोणी हटून बसले की तेच वाक्य आडवे येते.

कायद्याला किमान सातजणी लागतात. सातच घेऊ नयेत, नऊ ते अकरा घ्याव्यात. कागद तयार होईपर्यंत एकीचे लग्न ठरून ती दुसऱ्या गावी जाते, एकीच्या घरचे माघार घ्यायला लावतात, आणि मेमोरँडम, म्हणजे मंडळाचा स्थापनेचा मूळ दस्तऐवज, पुन्हा पहिल्यापासून टाइप करावे लागते. शक्यतो एका घरातल्या दोघी घेऊ नयेत. सासू-सुनेचे कितीही पटत असले तरी एका घरचे दोन पदाधिकारी म्हटले की वाड्यावर कुजबूज सुरू होते.

मेमोरँडममध्ये मंडळाचे नाव, उद्देश आणि पहिल्या कार्यकारिणीतल्या प्रत्येकीचे नाव, पत्ता व व्यवसाय लागतो. व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ चालते. सरकारी नोकरीत असलेली सभासद असेल तर थांबून विचार करावा. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू आहेत, आणि निवडणुकीने मिळणारे पद घ्यायला त्यांना खात्याची पूर्वपरवानगी लागते. साधे सभासद राहायला अडचण नाही. शिक्षिका किंवा नर्स बाई हुशार, लिहिणारी, म्हणून तिला सचिव करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. परवानगीचे पत्र हातात येईपर्यंत तिचे नाव त्या रकान्यात घालू नये.

नावाचे म्हणाल तर ‘शांतादुर्गा महिला मंडळ’, ‘सातेरी महिला मंडळ’ ही नावे गोव्यात जागोजाग भेटतात. आधीच नोंद असलेल्या नावाशी मिळतेजुळते नाव नाकारले जाते, म्हणून ग्रामदेवतेच्या नावापुढे वाड्याचे आणि गावाचे नाव जोडावे आणि पसंतीक्रमाने तीन नावे तयार ठेवावीत. ‘शासकीय’, ‘राष्ट्रीय’, ‘गोवा राज्य’ असा सरकारी थाट नावात आणू नये. चिन्हे व नावे कायदा, १९५० त्याच्या आड येतो.

उद्देशांवर मात्र वेळ घालवावाच. बहुतेक मंडळे ‘सांस्कृतिक व सामाजिक कार्य करणे’ एवढे लिहून मोकळी होतात. मग दोन वर्षांनी कचऱ्याचा प्रश्न हाती घेतला की कोणीतरी विचारते, हे तुमच्या घटनेत कुठे आहे? अनुदानाचा अर्जही त्याच कारणाने परत येतो. उद्देश बदलायचा तर कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे प्रस्ताव सभासदांना दहा दिवस आधी द्यावा लागतो, खास सभेत तीन-पंचमांश मते लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी खास सभा घेऊन तिथे हजर असलेल्यांच्या तीन-पंचमांश मतांनी तो पुन्हा पक्का करावा लागतो. पन्नास सभासद असतील तर पहिल्या सभेतच तीस मते हवीत. चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) आणि जत्रांच्या दिवसांत हे कसे जमायचे ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा पाणी, सांडपाणी, कचरा, सार्वजनिक आरोग्य, अंगणवाडी व शाळा, वाचनालय, महिलांना कायद्याची माहिती, शासकीय योजनांची माहिती, ग्रामसभेतील सहभाग, ही सगळी नावे पहिल्या दिवशीच लिहून घ्यावीत.

आता भाषा. सभा कोंकणीत चालते, वही मराठीत लिहिली जाते आणि कार्यालयात जाणारे कागद इंग्रजीत टाइप होतात. आपल्याकडे यात कोणाला काही वावगे वाटत नाही, पण तिन्हींत एकच अर्थ राहील याची काळजी घ्यावी लागते. आम्ही नियमावली आधी मराठीत पूर्ण केली, सभेत कलमवार वाचून मंजूर केली आणि मगच इंग्रजी केली. उलट्या क्रमात सभासदांनी न वाचलेल्या कागदावर सह्या पडतात. कार्यालयात दाखल झालेली प्रत ती खरी धरली जाते, म्हणून कोरम (सभेला लागणारी किमान उपस्थिती), मुदत आणि रक्कम या तीन ठिकाणचे आकडे दोन्ही प्रतींत बोट ठेवून ताडून पाहावेत.

कागदपत्रांत दोन अडचणी हमखास येतात, आणि दोन्ही खास गोव्याच्या.

एक, मंडळाचा पत्ता. भाड्याची खोली परवडत नाही, म्हणून कोणाच्या तरी घराचा पत्ता देतात आणि त्याला घरमालकाचे ना-हरकत पत्र व घरपट्टीची पावती जोडतात. पावती निघते वारलेल्या आजोबांच्या नावावर, कारण वाटण्या झालेल्याच नसतात. आजोबा ना-हरकत देणार कसे? असे घर सोडून ज्याच्या हयात मालकाच्या नावावर घरपट्टी आणि विजेचे बिल दोन्ही आहे असे घर शोधावे. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मिळकत सर्वसाधारणपणे दोघांची समाईक असते, म्हणून पत्रावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. देवळाच्या सभागृहाचा पत्ता देण्याचे बायकांच्या मनात येते. ते आम्हाला पटत नाही. देवस्थान समिती बदलली की मंडळाचा पत्ता लोंबकळतो, आणि ज्या बायका एरवी त्या देवळात जात नाहीत त्यांना मंडळ आपले वाटत नाही. गावात ख्रिस्ती वाडा असेल तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी बोलावी.

दुसरी अडचण स्पेलिंगची. आधार कार्डावर नाईकचे स्पेलिंग ‘के’ने संपते, जन्मदाखल्यावर तेच पोर्तुगीज पद्धतीने ‘क्यू-यू-ई’ने संपते. गावकरचे तीन प्रकार दिसतात. त्यात माहेरचे नाव मतदार ओळखपत्रावर आणि सासरचे पॅन कार्डावर. मेमोरँडममध्ये नेमके कोणते लिहायचे? जे आधार आणि पॅन दोन्हीवर सारखे आहे ते. सारखे नसेल तर आधी एक कागद दुरुस्त करून घ्यावा, घाई असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्यावे. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार या तिघींच्या बाबतीत प्रतिज्ञापत्रावर भागवू नये, कागदच दुरुस्त करावा. कार्यालय प्रतिज्ञापत्र स्वीकारते, पण बँकेत पुन्हा तोच वाद निघतो.

मेमोरँडमबरोबर नियमावलीची प्रत जाते, आणि ती खरी असल्याबद्दल कार्यकारिणीतल्या किमान तिघींच्या सह्या लागतात. शिवाय स्थापनेच्या सभेच्या ठरावाची प्रत, प्रत्येकीचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडावा. प्रत्येक पानावर सही घ्यावी, खाडाखोड असेल तिथे वेगळी. दाखल करायला जाण्याआधी फी आणि कागदांची चालू यादी कार्यालयातून आणावी, कोणाकडून ऐकलेल्या जुन्या यादीवर जाऊ नये. एक संच आपल्याकडे राहिला पाहिजे, आणि त्यावर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

नियमावलीत भांडणे होतात ती तीन-चार कलमांवरच. कोरम किती? पन्नास सभासदांच्या मंडळाला एक-तृतीयांश, म्हणजे सतराजणी, ठीक. निम्म्या धरल्या तर पावसाळ्यात एकही सभा भरत नाही. कोरम झाला नाही तर अर्ध्या तासाने त्याच जागी त्याच विषयांवर सभा घेता येईल, तिला कोरमची अट नाही, हे वाक्य घालावे. त्याचबरोबर नियम बदलणे आणि पदाधिकारी काढणे असल्या सभेत करता येणार नाही, हेही घालावे. पहिले वाक्य सगळ्या नमुन्यांत असते, दुसरे क्वचितच, आणि ते नसले की पाचजणींनी अध्यक्ष बदलल्याचा प्रकार होतो.

वर्गणी थकली तर काय? आम्ही प्रवेश फी ५० रुपये आणि महिना २० रुपये ठेवली, वर्षाचे २४० एकदम भरता येतात. कायद्याचे १५वे कलम सांगते की जिची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली तिला मत देता येत नाही आणि तिची सभासद म्हणून गणतीही होत नाही. म्हणून वार्षिक सभेच्या सूचनेसोबतच थकबाकीची यादी लावावी. सभेच्या दारात आयत्या वेळी कोणाला ‘वयनी, तुमची वर्गणी राहिली, तुम्हाला मत नाही’ म्हणून सांगायचे झाले तर नियम बरोबर ठरतो आणि माणूस कायमचे तुटते.

पंच किंवा नगरसेविका असलेल्या बाईला सभासद करायला हरकत नाही, पदाधिकारी करू नये. ज्या पंचायतीकडे मंडळ तक्रार घेऊन जाणार, तिचीच सदस्य मंडळाची अध्यक्ष कशी? निवडणुका जवळ आल्या की मंडळाच्या हळदीकुंकवात वाण कोणीतरी बाहेरून ‘प्रेमाने’ पाठवते. प्लास्टिकच्या खुर्च्या भेट येतात आणि पाठीवर देणाऱ्याचे नाव तांबड्या अक्षरांत रंगवलेले असते. वस्तुरूपाने आलेली देणगीही कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय घेता येणार नाही आणि तिच्यावर देणाऱ्याचे नाव असणार नाही, हे कलम आम्ही आग्रहाने ठेवतो.

बँकेत खाते उघडायला नोंदणी प्रमाणपत्र, मेमोरँडम, नियमावली, मंडळाच्या नावाचे पॅन, खाते उघडण्याचा ठराव आणि सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रे लागतात. पॅनवरचे नाव प्रमाणपत्रावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. सगळ्यांत जास्त चुकतो तो ठराव. ‘बँकेत खाते उघडावे असे ठरले’ एवढ्याने भागत नाही. आमच्याकडचा मसुदा असा: ‘ठराव क्र. ३. मंडळाच्या नावे बचत खाते उघडावे. खात्याचा व्यवहार अध्यक्ष, सचिव व खजिनदार या तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने होईल, त्यांपैकी एक सही खजिनदाराची असलीच पाहिजे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.’ खाली तिघींची पूर्ण नावे आणि नमुना सह्या.

दोन सह्यांचे खाते असले की त्यातून मोबाइलवर यूपीआयचा व्यवहार करणे बहुतेक वेळा जमत नाही. मग सोय म्हणून वर्गणी खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यावर यायला लागते आणि तिच्या घरच्या गॅसच्या पैशांत मिसळते. अफरातफर नसतानाही हिशेब लागेनासा होतो. वर्गणी रोख घ्यावी, अनुक्रमांक छापलेल्या दुहेरी पावतीपुस्तकातली पावती द्यावी, आठवड्याच्या आत बँकेत भरावी. हातावर शिल्लक हजार रुपयांपेक्षा जास्त ठेवू नये. देणगीदाराला आयकरात सवलत मिळते ती सगळे ज्याला ‘ऐंशी-जी’ म्हणतात त्या वेगळ्या मंजुरीमुळे, सोसायटीच्या नोंदणीमुळे नव्हे. ती मिळण्याआधी पावतीवर तसे छापणे हा खोटेपणा आहे.

परदेशातून येणाऱ्या पैशाबद्दल गोव्यात फार बेफिकिरी आहे. वाड्यावरचा मुलगा आखातात नोकरीला आहे, पासपोर्ट भारतीय आहे, आणि आपल्या कमाईतून बँकेमार्फत देणगी पाठवतो, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. त्याच वाड्यावरची दुसरी व्यक्ती लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेली असेल, तर ती कायद्याने परकीय नागरिक. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते) असले तरी फरक पडत नाही. तिचे पाच हजारही परकीय देणगी कायदा, २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना घेता येत नाहीत. आणि ती नोंदणी मिळायला संस्था सर्वसाधारणपणे तीन वर्षे जुनी व तेवढ्या काळात आपल्या उद्देशांवर १५ लाख रुपये खर्च केलेली असावी लागते. म्हणजे आपल्यासारख्यांनी तो विषय सोडूनच द्यावा. चवथीला गावी आलेल्यांनी हातात नोटा ठेवल्या तरी नियम तोच. नम्रपणे नको म्हणावे, आणि तिच्या इथल्या भारतीय भावाच्या नावाने पावती फाडण्याची युक्तीही करू नये.

इतिवृत्ताची वही बांधीव आणि पाने क्रमांकित केलेली घ्यावी. सुट्या कागदांची फाइल चालत नाही, कागद मागाहून घुसवल्याचा आरोप होतो. उपस्थितीच्या सह्या सभा सुरू होण्याआधी घ्याव्यात, सभासद निघून जायला लागल्यावर नाही. ‘मायकाकी’, ‘भाटातली वयनी’ असे लिहू नये, नोंदणीवहीतले पूर्ण नाव लिहावे. चर्चा थोडक्यात, निर्णय मात्र पूर्ण: कोणी करायचे, कधीपर्यंत, किती खर्चात. शेवटच्या ओळीखाली जागा उरली तर तिरपी रेघ मारून अध्यक्ष-सचिवांनी सही करावी. सभेची वेळ दुपारी चार ही सोयीची, झोप आटोपलेली असते आणि दिवेलागणीला अवकाश असतो. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस (प्रार्थना) असते, मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची धांदल, सत्तरी-डिचोलीच्या काठावर काजूचा हंगाम. वार्षिक सभा जूनच्या मध्यावर घेतली तर मार्चअखेरचे हिशेबही तयार असतात.

पहिले काम लहान आणि दिसणारे घ्यावे. ग्रामसभा मतदारयादीतल्या माणसांची असते, मंडळाला मंडळ म्हणून तिथे मत नाही. म्हणून विषय दोन-तीन मतदार सभासदांच्या सहीने लेखी, सूचना निघण्याआधी पंचायत सचिवाकडे द्यावा आणि प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. आयत्या वेळी उभे राहून बोललेले इतिवृत्तात येईलच असे नाही. साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात होतात. गटार-व्हाळ (ओहोळ) साफ करायचा विषय एप्रिलमध्ये गेला पाहिजे, जुलैत तो बोलून पाणी घरातून जायचे राहत नाही. तक्रारीत ‘वाड्यावर दिवे नाहीत’ असे न लिहिता विजेच्या खांबांचे क्रमांक लिहावेत, ते खांबावरच रंगवलेले असतात. माहिती अधिकाराचा अर्ज मंडळाच्या लेटरहेडवर करू नये. तो हक्क नागरिकाचा आहे, म्हणून एका सभासदाच्या नावाने, १० रुपये फी भरून करावा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.

कचऱ्याच्या कामात सुरुवातीचा उत्साह दुधाच्या पिशव्यांवर आणि बाटल्यांवर जातो. खरा प्रश्न मासळीच्या घाणीचा आणि वापरलेल्या पॅड-डायपरचा असतो. या दोन गोष्टी कोणत्या दिवशी कोण नेणार हे पंचायतीकडून लेखी ठरवून घेतल्याशिवाय घरोघर वर्गीकरण शिकवायला जाऊ नये. बायका नीट वेगळे करून ठेवतात, गाडी ते सगळे एकत्र ओतते, आणि दुसऱ्या खेपेला दार उघडत नाही.

वार्षिक सभा झाल्यावर १४ दिवसांत नव्या कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे दाखल करावी लागते, कायद्याचे ४थे कलम. मंडळे बहुधा इथेच ढिली पडतात, कारण यादी दिली नाही म्हणून लगेच काही बिघडत नाही. दोन-तीन वर्षांनी खजिनदार बदलते, बँक नव्या सहीसाठी दाखल केलेल्या यादीची प्रत मागते, कार्यालयात शेवटची नोंद जुन्याच नावांची निघते, आणि मधल्या वर्षांच्या सगळ्या याद्या इतिवृत्तासह एकदम द्याव्या लागतात. तोपर्यंत धनादेशावर सही त्या बाईची लागते, जी मुलीकडे पुण्याला राहायला गेलेली असते. वार्षिक सभेच्या दिवशीच यादी टाइप करून, तिथल्या तिथे सह्या घेऊनच उठावे.